शाळेच्या सुट्टीत चौघांचा परदेश प्रवास: खिशाला झेपेल असा कसा आखायचा

मुलं शाळेत जायला लागली की ऑफसीझनमध्ये फिरायची चैन संपते. तारखा शाळा ठरवते, भाव विमान कंपनी ठरवते, आणि मेच्या पहिल्या आठवड्यात अख्खा महाराष्ट्र एकाच वेळी विमानतळावर उभा असतो. तरीही साध्या पगारदार घराला हा प्रवास जमतो, फक्त निर्णयांचा क्रम बदलावा लागतो. आपल्याकडे आधी देश ठरतो. जेवताना कोणीतरी म्हणतं, ‘यंदा सिंगापूर करू’, आणि मग त्या सिंगापूरभोवती पैशाची ओढाताण सुरू होते. मी उलटा क्रम सुचवतो: आधी आठवडा, मग त्या आठवड्यात स्वस्त असलेला देश, मग विमानाच्या सीटा, आणि हॉटेल-खाणं-फिरणं सगळ्यात शेवटी. चौघांच्या घरात पैसा चार सीटांवर जातो. तिथे वाचला तर वाचला. बाकी ठिकाणची काटकसर म्हणजे मुलांना आइसक्रीम नाकारून मिळवलेले दोनशे रुपये.

सुट्टीतला कोणता आठवडा?

‘मेची सुट्टी’ असं आपण म्हणतो, पण भावाच्या दृष्टीने त्या सुट्टीचे दोन-तीन वेगळे तुकडे पडतात.

राज्य मंडळाच्या शाळांना साधारण मेच्या सुरुवातीपासून जूनच्या मध्यापर्यंत सुट्टी असते. १ मेच्या आसपास निघणारी विमानं सगळ्यात महाग, कारण परीक्षा संपल्या संपल्या सगळ्यांना निघायचं असतं. गुजरातच्या शाळांनाही त्याच सुमारास सुट्टी लागते आणि मुंबईची विमानं दोन्ही राज्यं मिळून भरतात. मेच्या मध्यानंतर दिल्ली आणि उत्तरेकडच्या सुट्ट्या सुरू होतात, म्हणजे गर्दी ओसरत नाही, फक्त तिचा चेहरा बदलतो. मुंबई-पुण्याच्या माणसासाठी जूनचा पहिला आणि दुसरा आठवडा तपासण्यासारखा. वह्या-पुस्तकं-गणवेशाच्या खरेदीत अडकलेले पालक त्या दिवसांत निघत नाहीत. तुम्ही ती खरेदी मेमध्येच उरकली तर त्या आठवड्यातले दर बघायला मोकळे.

विदर्भातल्या घरांना आणखी एक फायदा असतो. उन्हामुळे तिथल्या शाळा उर्वरित राज्यापेक्षा साधारण आठवडाभर उशिरा उघडतात. मुंबईची मुलं वर्गात बसलेली असताना नागपूर-अमरावतीची मंडळी फिरू शकतात.

सीबीएसईवाल्यांची खिडकी वेगळी. वार्षिक परीक्षा मार्चच्या मध्यावर संपते आणि नवं वर्ष एप्रिलच्या सुरुवातीला सुरू होतं. मधले दहा-बारा दिवस मला वर्षातले सगळ्यात दुर्लक्षित दिवस वाटतात. निकालाचा दिवस आणि पालकसभा एवढं शाळेत विचारून घ्यायचं. राज्य मंडळाच्या शाळेत दहावीचं मूल असेल तर बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये संपते आणि पुढे अडीच-तीन महिने मोकळे. फक्त धाकट्याची परीक्षा एप्रिलमध्ये असते, ती आडवी येते.

दिवाळीचं गणित निराळं आहे. लक्ष्मीपूजन घरी करून पाडव्याला किंवा भाऊबीजेला निघायचं, हा आपला आवडता बेत. नेमका तोच गुजराती कुटुंबांचाही असतो, कारण त्यांची मोठी सुट्टी दिवाळीपासून पुढे चालते. सहामाही संपल्या संपल्या, वसुबारसेच्या आधी निघून लक्ष्मीपूजनाला घरी परत येता आलं तर भाड्यात फरक पडतो. भाऊबीजेनंतर चार-पाच दिवस थांबून निघणं हा दुसरा पर्याय, सुट्टी तेवढी उरत असेल तर. नाताळाबद्दल लिहीत बसत नाही. २० डिसेंबर ते २ जानेवारी या दिवसांत परवडणारा परदेश शोधणं हा वेळेचा अपव्यय आहे.

एक सावधगिरी. परीक्षेचं वेळापत्रक हातात येईपर्यंत एप्रिलअखेरचं तिकीट काढू नका. २०२५ मध्ये राज्यातल्या पहिली ते नववीच्या परीक्षा २५ एप्रिलपर्यंत लांबल्या आणि आधीच तिकिटं काढलेल्या पालकांची पंचाईत झाली. १ मेनंतरची तारीख धरली की ही भीती उरत नाही.

त्या आठवड्यात कोणता देश रिकामा असतो?

आपला हंगाम आणि तिथला हंगाम जुळत नसेल तर विमान महाग मिळालं तरी हॉटेल स्वस्त पडतं. मात्र स्वस्ताईचं कारण पाऊस असेल तर तो किती आणि कुठे पडतो, हे कळलं पाहिजे.

मे-जूनमध्ये थायलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, म्हणजे फुकेत आणि क्राबीला, मोसमी पाऊस सुरू झालेला असतो. समुद्र खवळलेला, बोटीच्या सहली रद्द होण्याची शक्यता. त्याच थायलंडच्या आखाताच्या बाजूला कोह सामुई मात्र त्या दिवसांत बऱ्यापैकी कोरडं असतं. श्रीलंकेतही असंच. मेमध्ये नैर्ऋत्य किनारा भिजतो, पण पूर्वेकडच्या त्रिंकोमाली आणि पासिकुडाहचा खरा मोसम तेव्हाच सुरू होतो. व्हिएतनामचा मधला पट्टा, दा नांग आणि होई आन, मेमध्ये गरम पण कोरडा असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिथे पूर येतात, म्हणून दिवाळीत होई आन नको, उत्तरेकडचं हनोई बघा. बालीत मे म्हणजे कोरड्या मोसमाची सुरुवात. तिथली खरी गर्दी जुलै-ऑगस्टमध्ये, ऑस्ट्रेलियन आणि युरोपीय लोकांची. मॉरिशसमध्ये जून हा हिवाळा, हवा छान आणि हॉटेलं तुलनेने रिकामी.

दुबई मे-जूनमध्ये तापलेली असते आणि म्हणूनच हॉटेलं उतरतात. मुलं मॉल, मत्स्यालय आणि वॉटरपार्कवर खूश असतील तर चालून जाईल. चंद्रपूर-अकोल्याच्या माणसाला ४२ अंशांचं काय कौतुक!

तिथल्या लोकांच्या सुट्ट्याही पाहा. चीनमध्ये मेच्या पहिल्या आठवड्यात आणि १ ऑक्टोबरपासून मोठ्या सुट्ट्या असतात, तेव्हा आग्नेय आशिया भरतो. जपानचा गोल्डन वीक २९ एप्रिल ते ५ मे. सिंगापूरच्या शाळांना मेअखेरपासून जूनअखेरपर्यंत सुट्टी असते आणि ते लोक शेजारच्या मलेशियात उतरतात. तेव्हा जूनमध्ये मलेशियाला जाणाऱ्यांनी शनिवार-रविवारी पेनांग किंवा मलाक्का टाळावं आणि ते दिवस क्वालालंपूरमध्ये काढावेत.

बजेट फारच तंग असेल तर नेपाळ आणि भूतान आहेतच. दोन्हीकडे भारतीयांना व्हिसा लागत नाही, मोठ्यांना मतदार ओळखपत्रावरही जाता येतं. भूतानला आधार कार्ड चालत नाही, मुलांचा जन्मदाखला लागतो, आणि प्रत्येक रात्रीसाठी माणशी १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क भरावं लागतं. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मं, त्याहून लहानांना माफ. दोन मोठे, एक नऊ वर्षांचं आणि एक पाच वर्षांचं मूल असेल तर रात्रीचे ३,००० रुपये, पाच रात्रींचे १५,००० नुसते शुल्काचे. हे लक्षात न घेता ‘भूतान स्वस्त’ म्हणू नये.

पासपोर्ट आधी, बाकी सगळं नंतर

मोठ्यांचा ३६ पानी पासपोर्ट १,५०० रुपयांत, अठराखालील मुलांचा १,००० रुपयांत होतो. आठ वर्षांखालील मुलांना नव्या अर्जावर दहा टक्के सूट. तत्काळचे २,००० रुपये जास्तीचे, चौघांचे ८,०००. हा भुर्दंड केवळ उशिराचा. मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षं चालतो, आणि बहुतेक देशांना प्रवासाच्या वेळी सहा महिने शिल्लक लागतात, म्हणजे प्रत्यक्षात साडेचारच. कपाटातून काढून मुदत आजच बघा.

घोडं अडतं ते कागदांवर. मूल जन्मल्यावर महापालिकेच्या नोंदीत नाव घालायचं राहून जातं आणि दाखल्यावर नावाची जागा कोरी राहते. आईचं नाव दाखल्यावर माहेरचं, आधारवर सासरचं. वडिलांच्या नावात एका ठिकाणी ‘राव’ असतो, दुसरीकडे नसतो. पासपोर्ट सेवा केंद्रातला कर्मचारी हे शांतपणे दाखवतो आणि पुढच्या तारखेला या म्हणतो. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांसाठी तर जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखलाच चालतो. तेव्हा अर्ज भरण्याआधी सगळे कागद टेबलावर शेजारी-शेजारी ठेवून प्रत्येक नावाचं अक्षर न् अक्षर जुळवा. आई-वडील दोघांच्या सहीचं परिशिष्ट ‘डी’, म्हणजे मुलाच्या पासपोर्टला संमती देणारं घोषणापत्र, लागतं. आई-बाबांच्या पासपोर्टवर जोडीदाराचं नाव असेल तर मुलांचं काम सोपं होतं.

व्हिसा म्हणजे माणशी खर्च

जोडप्याला व्हिसाची फी किरकोळ वाटते, चौघांना नाही. व्हिएतनामचा एकदा प्रवेशाचा ई-व्हिसा २५ डॉलरचा, तान्ह्या मुलालाही लागतो, म्हणजे चौघांचे १००. युरोपच्या शेंगेन व्हिसाला मोठ्यांना ९० युरो, सहा ते बाराच्या मुलांना ४५, सहाखाली माफ. वर अर्ज केंद्राचं सेवाशुल्क, मुंबईपर्यंत जाणं-येणं आणि विमा वेगळे. आणि मे-जूनच्या युरोपसाठी अर्ज केंद्राची तारीखच मिळत नाही अशी ओरड दरवर्षी असते. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो. नाताळानंतर लगेच तारीख शोधायला बसा.

मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसा माफ केला आणि ती सवलत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत वाढवली. त्यानंतर जाणाऱ्यांनी तिकीट काढण्यापूर्वी पुढची मुदतवाढ झाली का ते बघावं. थायलंडनेही नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हिसा माफ केला, पण अशा सवलतींच्या अटी बदलत असतात, दूतावासाचं संकेतस्थळ त्याच दिवशी उघडून पाहावं. दोन्ही देशांना पोचण्याआधीच्या तीन दिवसांत डिजिटल आगमन पत्र भरावं लागतं, प्रत्येकाचं वेगळं, मुलांचंही. ते फुकट आहे. शोध घेतल्यावर वर येणारी, पैसे मागणारी संकेतस्थळं दलालांची असतात.

विमानाच्या चार सीटा

दोन वर्षांखालील मूल मांडीवर बसतं आणि त्याचं भाडं मोठ्यांच्या तुलनेत अगदी थोडं असतं. दोन वर्षं पूर्ण झाली की पूर्ण सीट. प्रवासाच्या मध्येच दुसरा वाढदिवस येत असेल तर परतीला सीट घ्यावी लागते, म्हणून अशा घरांनी वाढदिवसाआधीच परतावं. दोन ते बारा वयात काही मोठ्या कंपन्या मूळ भाड्यात सूट देतात, कमी भाड्याच्या कंपन्या सहसा देत नाहीत. त्यामुळे भाडी तुलना करताना चौघांची एकत्र रक्कम बघा, माणशी भाव नव्हे.

शोधताना आधी एका माणसासाठी शोधा, मग चौघांसाठी. एकट्याला स्वस्त दिसणारा दर चौघांना मिळेलच असं नाही, कारण त्या दराच्या दोनच सीटा उरलेल्या असतील तर यंत्रणा चौघांनाही वरच्या दरात टाकते. अशा वेळी दोन-दोन सीटा वेगळ्या काढता येतात, पण मग दोन पीएनआर, म्हणजे बुकिंगचे दोन वेगळे क्रमांक, होतात. प्रत्येक पीएनआरवर एक मोठं आणि एक मूल असं जोडा. विमान रद्द झालं तर दोन्हीकडे वेगळा पाठपुरावा करावा लागेल, हे मान्य असेल तरच.

सीट निवडायचे पैसे सगळ्यांचे भरू नका. बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या किमान एका पालकाशेजारी बसवा, असे निर्देश विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाने, डीजीसीएने, २०२४ मध्ये भारतीय कंपन्यांना दिले आहेत. बॅगाही चार घेऊ नका. चौघांत दोन मोठ्या बॅगा पुरतात, आणि त्या तिकीट काढतानाच घ्या. काउंटरवर त्याच किलोंचा दर अंगावर येतो.

रात्रीचं विमान स्वस्त असतं हे खरं. पण ते पहाटे साडेपाचला उतरवतं आणि खोली दुपारी दोन-तीनला मिळते. पेंगुळलेल्या पाच वर्षांच्या मुलाला घेऊन रिसेप्शनच्या सोफ्यावर आठ तास काढायची तयारी नसेल तर आदल्या रात्रीचं भाडं भरावं लागतं. ते मिळवून मगच ‘स्वस्त’ म्हणा.

चेन्नई, बंगळूर, कोची, तिरुचिरापल्लीहून क्वालालंपूरला कमी भाड्याची बरीच विमानं आहेत. मुंबईहून भाव चढलेले असताना तिथून निघायचा मोह होतो. माणशी पाच-सहा हजारांचा फरक असेल आणि चेन्नईत मामा-मावशी असतील तर जरूर करा. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, त्या सकाळी हाताशी राहा. पण रेल्वे आणि विमान यांच्यात पूर्ण एक दिवस ठेवा. गाडी चार तास उशिरा आली म्हणून विमान कंपनी पैसे परत देत नाही.

तिकीट कधी काढावं? मेसाठी मी जानेवारी-फेब्रुवारी म्हणेन. ‘शेवटच्या क्षणी स्वस्त होतं’ ही गोष्ट सुट्टीच्या आठवड्यात सहसा खरी ठरत नाही. हॉटेल मात्र फुकट रद्द करता येणारं आधीच घेऊन ठेवावं आणि महिनाभर आधी पुन्हा भाव बघून बदलावं.

एक हिशेब मांडून बघू

पुण्यातलं घर, दोन मोठे, नऊ आणि पाच वर्षांची दोन मुलं. मुंबईहून क्वालालंपूर, सात रात्री, त्यातल्या चार क्वालालंपूरला आणि तीन पेनांगला. रिंगिट या मलेशियन चलनाचा भाव हिशेबाला २२ रुपये धरलाय. खालचे आकडे गृहीत धरलेले आहेत, मांडणी बघा आणि तुमचे आकडे घाला.

विमान, माणशी २०,००० धरून: ८०,०००
राहणं, चार रात्री २५० आणि तीन रात्री २२० रिंगिटने, अधिक परदेशी पर्यटकांवरचा खोलीमागे रात्रीचा १० रिंगिट कर: ३८,०६०
क्वालालंपूर–बटरवर्थ (पेनांगसाठीचं स्थानक) रेल्वे, चौघांचं जाणं-येणं: १०,५६०
खाणं, दिवसाला २०० रिंगिट, आठ दिवस: ३५,२००
गावातला प्रवास, दिवसाला ६० रिंगिट: १०,५६०
तिकिटं आणि प्रवेश: १३,२००
प्रवास विमा: ५,०००
सिम: २,०००
पुणे–मुंबई टॅक्सी, दोन्ही वेळा: ७,०००

बेरीज २,०१,५८० होते. त्यावर दहा टक्के ‘काहीही होऊ शकतं’ म्हणून, म्हणजे साधारण २,२१,७००. आता विमानाचं भाडं माणशी २८,००० करून बघा. एकाच ओळीत ३२,००० वाढले. तेवढ्यात सात रात्रींचं राहणं जवळजवळ निघतं. म्हणूनच सुरुवातीला आठवड्यावर एवढं बोललो.

२ लाख २५ हजार जमवायचे तर महिना १५,००० रुपये, पंधरा महिने. म्हणजे पुढच्या वर्षीच्या जूनसाठी या मार्चपासून. बँकेत आवर्ती ठेव उघडा आणि हप्ता पगाराच्या दुसऱ्या दिवशी कापला जाईल असं करा. दिवाळीचा बोनस आला तर त्यातून तिकिटं काढा, हप्ता थांबवू नका. भिशी लावणारे भिशीही लावतात. नंबर जानेवारीच्या आत लागणार असेल तर ठीक, मेमध्ये लागला तर त्याचा उपयोग नाही. कर्ज काढून फिरू नये, हे माझं मत ठाम आहे. ‘नो कॉस्ट ईएमआय’ म्हणून मिळणाऱ्या सहलीच्या हप्त्यातही प्रक्रिया शुल्क आणि व्याजावरचा जीएसटी असू शकतो, तो वाचून घ्या. नोकरीतला प्रवास भत्ता, एलटीए, करमुक्त होतो तो फक्त भारतातल्या प्रवासासाठी. परदेशाच्या हिशेबात तो धरू नका.

ग्रुप टूर की स्वतः?

घरात आजी-आजोबा बरोबर असतील, जेवण भारतीयच हवं असेल, किंवा युरोपचे पाच देश दहा दिवसांत बघायचे असतील तर ग्रुप टूर. स्वतः करायला गेलात तर तोच युरोप सहसा महाग पडतो आणि व्हिसाच्या कागदांत दम निघतो. आग्नेय आशिया, दुबई, श्रीलंका मात्र स्वतः करण्यासारखे आहेत. मधला मार्गही चांगला: विमान स्वतः काढायचं आणि हॉटेल-गाडी-दर्शनाचं लँड पॅकेज एजंटकडून घ्यायचं.

टूरचा भाव विचारताना ‘चाइल्ड विथ बेड’ आणि ‘चाइल्ड नो बेड’ हे दोन्ही दर लेखी मागा. पाच वर्षांचं मूल आईजवळ झोपणारच असेल तर वेगळ्या बेडचे पैसे कशाला? टिप, व्हिसा, विमा, दुपारची जेवणं आणि जीएसटी धरलाय का, हेही विचारा. जाहिरातीतला मोठा आकडा यातलं बरंच काही वगळून असतो. पॅकेजवर ५ टक्के जीएसटी लागतो आणि शिवाय टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आधीच गोळा केलेला आयकर, कापला जातो. हा टीसीएस २०२५-२६ मध्ये दहा लाखांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर २० टक्के होता. २०२६ च्या अर्थसंकल्पाने १ एप्रिल २०२६ पासून तो सरसकट २ टक्क्यांवर आणला. नुसतं विमानाचं तिकीट किंवा नुसतं हॉटेल घेतलं तर ते पॅकेज धरलं जात नाही. टीसीएस हा खर्च नाही, तो परत मिळतो, पण तोवर पैसा अडकतो.

तिथे पैसे कसे द्यायचे

बहुतेक क्रेडिट कार्डं परदेशी व्यवहारावर साडेतीन टक्क्यांच्या आसपास मार्कअप, म्हणजे वरचा आकार, घेतात आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. मिळून चार टक्क्यांच्या वर जातं. दीड लाख कार्डावर खर्चलेत तर सहा हजार यातच गेले. मार्कअप नसलेलं कार्ड किंवा आधीच परदेशी चलन भरलेलं फॉरेक्स कार्ड घ्या. दुकानातलं यंत्र ‘रुपयांत घेऊ का?’ असं विचारतं, तेव्हा नाही म्हणा आणि तिथल्या चलनात द्या. रुपयांतला दर दुकानदाराच्या बँकेचा असतो आणि तो आपल्या सोयीचा नसतो. रोख थोडी इथूनच, शहरातल्या दोन-तीन चलन विक्रेत्यांना फोन करून घ्या, विमानतळावर नाही. एटीएमचं शुल्क दर वेळी लागतं, म्हणून दोन-तीनदा थोडे काढण्यापेक्षा एकदाच पुरेसे काढा.

राहणं, खाणं, फिरणं

हॉटेल शोधताना मुलांची वयं खरी भरा. दोन मोठे म्हणून खोली घ्यायची आणि दारात चौघं उभे राहायचं, हे आता चालत नाही. सर्व्हिस्ड अपार्टमेंट चौघांना दोन खोल्यांपेक्षा स्वस्त पडतं. कपडे धुवायचं यंत्र असलं की बॅग निम्मी होते, आणि चूल असली की रात्री मुगाची खिचडी होते. दिवसभर नूडल्स बघून वैतागलेल्या मुलांना तेवढं पुरतं. थेपले, चकल्या, मेतकूट, लाडू बांधून घ्या, पण खसखस नको. संयुक्त अरब अमिराती आणि सिंगापूरमध्ये खसखशीवर बंदी आहे, ती तिथे अमली पदार्थांच्या कायद्यात मोडते. दिवाळीनंतर निघणाऱ्यांनी फराळाच्या डब्यातले अनारसे घरीच ठेवावेत. एरवी निरुपद्रवी वाटणारा तो डबा दुबईच्या कस्टममध्ये फार लांबची चौकशी लावू शकतो.

क्वालालंपूरला खाण्याची चिंता नाही. तमिळ वस्तीमुळे केळीच्या पानावरचा भात, रोटी चनाई, डोसे गल्लोगल्ली मिळतात आणि शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही. विमानतळावरून शहरात येणारी एक्सप्रेस रेल्वे वेगवान आहे, पण मोठ्यांना ५५ रिंगिट एका बाजूचे. चौघं आणि दोन बॅगा असतील तर ॲपवरची टॅक्सी स्वस्त पडते आणि थेट दारात सोडते. बातू केव्ह्जला लोकल रेल्वेने थोडक्या पैशांत जाता येतं आणि मुरुगन मंदिराच्या मुख्य गुहेला प्रवेशशुल्क नाही. २७२ पायऱ्या आहेत आणि माकडं हातातली पिशवी ओढतात, एवढं मुलांना आधी सांगा. पेट्रोनास मनोऱ्यांच्या वर चढायचं तिकीट महाग आहे. खालच्या बागेत मुलांसाठी पाण्यात खेळायची जागा आणि संध्याकाळी कारंजी आहेत, ती फुकट. एखादा मोठा खर्च मुलांना निवडू द्या, वॉटरपार्क म्हणा नाहीतर मत्स्यालय, आणि बाकीचे दिवस स्वस्तात काढा. रोज एक तिकिटाची जागा ठेवली की तिसऱ्या दिवशी मुलंही कंटाळतात.

व्हिएतनामसारख्या ठिकाणी मनोरंजन उद्यानात मुलांचं तिकीट वयावर नव्हे तर उंचीवर असतं, साधारण एक मीटरखाली फुकट आणि १.४ मीटरपर्यंत कमी दर. घरीच भिंतीला लावून मोजून ठेवा. १३९ सेंटिमीटरच्या मुलीला जाड तळाचे बूट घालून नेऊ नका.

विमा काढताना मुलांची नावं पासपोर्टप्रमाणेच लिहिली आहेत ना, ते बघा. पावत्या, विमा, परतीची तिकिटं फोनमध्ये ऑफलाइन ठेवा. आगमन कक्षात हॉटेलचं नाव आणि परतीची तारीख विचारतात आणि तिथलं वायफाय नेमकं तेव्हाच चालत नाही.

परत आल्यावर एक काम उरतं. पॅकेज घेतलं असेल तर कापलेला टीसीएस कोणाच्या पॅनवर गेलाय ते एजंटकडून लिहून घ्या आणि काही महिन्यांनी आयकर खात्याच्या संकेतस्थळावर तुमच्या नावावर जमा दिसतो का ते तपासा. नोकरदार माणूस हा आकडा ऑफिसला कळवून त्याच वर्षीच्या पगारातल्या करकपातीतून (टीडीएस) वळता करून घेऊ शकतो. नाहीतर रिटर्न भरताना परत मागता येतो. मुलाच्या नावावर कापला गेला असेल तर, मुलाचं उत्पन्न पालकाच्या उत्पन्नात धरलं जात असल्यास, तो पालकाला मिळतो. अडीच लाखांच्या पॅकेजवर २ टक्क्यांनी ५,००० होतात. परतावा आला की त्याच आवर्ती ठेवीच्या खात्यात टाका.